पावशेरचं वजन

मांजरीचं वजन दोन किलो चारशे आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सगळं तिथंच बिघडलं. दुसरा कोणी असता तर त्यानं मान डोलावली असती, औषध खिशात टाकलं असतं आणि घरी जाऊन जेवला असता. पण मांजरी घेऊन आलेले गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासून त्यांना शिक्के मारण्यात सव्वीस वर्षं गेल्यामुळे कुठंही गेले तरी त्यांची नजर आधी काट्यावर जाई. वस्तीत त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. काही जण आदरानं म्हणत. बाकीचे का म्हणत, याचा साहेबांनी कधी शोध घेतला नव्हता.

मापसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, एका हातानं कंबर धरली, कारण ती गेल्या वर्षापासून कुरकुरत होती, आणि वाकून काट्याच्या चारही बाजू पाहिल्या.

"बाई, या काट्यावर शिक्काच नाही."

"मी मांजरं विकत नाही," डॉक्टरबाई मांजरीची मांडी पुसता पुसता म्हणाल्या.

"विकण्याचा प्रश्नच नाही. पडताळणी न झालेल्या काट्यावर जे दिसतं त्याला वजन म्हणता येत नाही. फार तर अंदाज म्हणता येईल."

शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं बापाची बाही ओढली. आदल्या दिवशी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागून ही मांजरी तिनंच उचलून आणली होती. मुलगी कॉलेजात होती, हुशार होती आणि बापाला कुठं थांबवायला हवं हे तिला नेमकं कळायचं. थांबवणं मात्र आजवर एकदाही जमलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मांडीवरचं गळू फोडून साफ केलं होतं आणि बाहेर अजून तीन कुत्री आणि एक पोपट ताटकळत होता. त्या वाद घालण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. "मग तुमच्या शिक्क्याच्या काट्यावर करा," त्या म्हणाल्या. "पण रोज करा. आणि दोन गोष्टी नीट ऐका. वजन उतरलं तर ती खात नाही असं समजायचं आणि उठून इकडं यायचं. दुसरं, हे दुखण्यावरचं औषध. पिचकारीवर किलोचे आकडे आहेत. जितकं वजन तितक्याच आकड्यापर्यंत भरायचं, पाच दिवस. जास्त एक रेघ नको. हे जास्त झालं तर मांजराचं मूत्रपिंड बंद पडतं. मग मीही काही करू शकत नाही."

"रेघेची काळजी तुम्ही करू नका," मापसाहेब म्हणाले, आणि ती इवलीशी पिचकारी उजेडात धरून तिच्यावरचे आकडे असे बघत राहिले की मुलीला जरा मत्सरच वाटला. निघताना त्यांनी कागदावर डॉक्टरबाईंनी लिहिलेल्या वजनापुढं पेनानं 'अप्रमाणित' असं लिहून खाली छोटी सही केली.

पाच दिवस मांजरी दवाखान्यातच ठेवली तर बरं, असंही बाई म्हणाल्या होत्या. पण तिथला दिवसाचा दर ऐकताच साहेबांना घरच्या शुश्रूषेचं महत्त्व एकदम पटलं.

घरी बायकोनं मांजरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला. "आणलीच आहे तर राहू दे. जीव आहे. पण तिच्यासाठी एकही नवीन वस्तू घरात येणार नाही." त्यामुळे जे काही केलं ते घरातल्या घरात. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घातली, म्हणजे शेकायची पिशवी झाली. साहेबांच्या ऑफिसातून आलेलं, 'सरकारी मालमत्ता' छापलेलं खोकं म्हणजे पलंग. ओव्हनमधला पसरट ट्रे आणि त्यात फाडलेली वर्तमानपत्रं हे शौचालय. गादी म्हणून साहेबांचा लोकरीचा मफलर गेला. तो साहेबांना न विचारता गेला आणि त्यांनीही कुरबुर केली नाही, हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं.

मुलीनं मांजरीचं नाव पावशेर ठेवलं. साहेबांनी ताबडतोब हरकत घेतली. "शेर हे माप कायद्यानं केव्हाच बाद झालंय. निरीक्षकाच्या घरात असलं नाव चालणार नाही."

"मग अडीचशे ग्रॅम म्हणू का, बाबा?"

पावशेरनं या वादात भाग घेतला नाही. ती मफलरवर डोळे अर्धे मिटून पडली होती आणि तिचा श्वास भराभरा चालला होता. साहेबांनी तिच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. कान तापलेले होते. त्यांनी बोट पटकन मागं घेतलं आणि विषय बदलण्यासाठी घड्याळ बघितलं.

आता प्रश्न होता शिक्क्याच्या काट्याचा. ऑफिसातला काटा बाहेर काढायचा तर तीन सह्या लागत, आणि रजिस्टरात 'कारण' या रकान्यात 'मांजर' लिहायची साहेबांची तयारी नव्हती. बढतीची यादी पुढच्याच महिन्यात लागायची होती. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काउंटरवर एक काटा होता, लाल आकड्यांचा, आणि त्याच्या छातीवर साहेबांनी स्वतःच्या हातानं मारलेला यंदाचा शिक्का होता. स्वतःच्या शिक्क्याइतका भरवशाचा दुसरा शिक्का त्यांच्या माहितीत नव्हता.

फक्त दुकानापर्यंत जायची अडचण होती. इमारतीत जनावर पाळायचं नाही असा सोसायटीचा नियम, आणि तो नियम ज्यांनी लिहिला ते सेक्रेटरी सकाळभर खाली फाटकाशी खुर्ची टाकून बसत. म्हणून पावशेर टोपलीत, कडेला शेकायची बाटली, आणि वरून टॉवेल घट्ट खोचलेला, अशी वरात निघायची.

"काय नेताय साहेब?" सेक्रेटरींनी पहिल्या दिवशी विचारलं.

"सरकारी साहित्य," साहेब म्हणाले. सव्वीस वर्षांच्या नोकरीतलं हे त्यांचं पहिलं खोटं विधान होतं आणि त्यानंतर दिवसभर त्यांना जळजळ होत राहिली.

टोपली, टॉवेल आणि बाटली यांचं वजन साहेबांनी दुकानदार शिडीवर चढून साबणाचं खोकं काढत असतानाच करून घेतलं: एक किलो शंभर. मग दुकानदार काउंटरमागं स्टुलावर येऊन बसला, टोपलीत पावशेर ठेवली, आणि टोपलीचं वजन वजा जाता मांजरी भरली दोन किलो नऊशे.

"बघा," साहेब घरी येऊन म्हणाले. "पाचशे ग्रॅमचा फरक. त्या बाईंच्या हिशेबानं चाललो असतो तर बिचारीला औषध कमी पडलं असतं." त्यांनी भिंग लावून पिचकारी दोन किलो नऊशेच्या रेघेपर्यंत भरली, मुलीनं मांजरीचं तोंड उघडलं आणि औषध गेलं.

दुकानदाराबद्दल इथं दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो वाईट माणूस नव्हता. साहेब टोपली घेऊन आले तेव्हा त्याला वाटलं धाडच पडली. आत मांजरी निघाल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला, आणि या आनंदात, ज्या माणसाच्या हातात आपला शिक्का आहे त्याला खूश ठेवायची संधी आली आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. साहेब वजन बघताना चेहरा किती ओढून बसतात, ते त्यानं टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी काट्यावर आकडे स्थिर झाल्यावर तो मोठ्या मायेनं म्हणाला, "साहेब, पन्नास ग्रॅमनं वाढली." तिसऱ्या दिवशी ती आणखी शंभरानं वाढली. साहेबांनी खिशातल्या डायरीत तिन्ही दिवसांचे आकडे लिहिले आणि खाली आलेख काढला. आलेख वर जात होता.

मांजरी मात्र खाली जात होती.

बायकोच्या ते आधी लक्षात आलं. "अहो, हिच्या बरगड्या बोटांना लागतात," ती तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली. "काल वाटीभर पेज चाटली तेवढीच. आज तोंडच फिरवलं. आणि ट्रे सकाळपासून कोरडा आहे."

"दीडशे ग्रॅम वाढली आहे दोन दिवसांत."

"मग ते दीडशे ग्रॅम गेले कुठं? दाखवा मला."

"हे बघ, बोटांना कळत नाही. बोटं काही प्रमाणित नसतात."

"याच बोटांनी मी बावीस वर्षं तुमचा ताप बघितलाय," बायको म्हणाली. "आणि त्या दुकानातली साखर महिनाअखेर कधी पुरत नाही, हे पण मी बावीसदा सांगितलंय."

"तू चहात जास्त घालतेस," साहेब म्हणाले आणि डायरी मिटली. पण त्या संध्याकाळी ते तीनदा खोक्यापाशी गेले. पावशेरचे डोळे आत गेले होते आणि हाक मारली तर ती कानही हलवत नव्हती. साहेबांना भीती वाटत होती. भीती वाटत असताना त्यांना आकडे बघायची सवय होती, आणि आकडे चांगले होते, त्यामुळे काय करावं हे त्यांना सुचेना. औषध त्यांनी तीन किलो पन्नासच्या रेघेपर्यंत भरलं, कारण काट्यानं तसं सांगितलं होतं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर रोज सल्ला द्यायला येत. चाळीस वर्षं त्यांनी दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या आणि माणूस काय, मांजर काय, त्यांच्या मते सगळ्यांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे घाम. "घाम काढा," ते खोक्यात डोकावून म्हणाले. मांजराला घाम येत नाही असं मुलीनं सांगितलं. "म्हणूनच तर आजारी आहे," कंपाउंडर म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

चौथ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आंघोळीला गेल्याची पाण्याच्या पाइपातून खबर लागली आणि घरात धावपळ उडाली. मुलीनं पावशेरला टोपलीत ठेवलं, टॉवेल आणायला आत गेली, टॉवेल आणून खोचला आणि टोपली दाराशी ठेवली. साहेबांनी ती उचलली आणि तरातरा जिना उतरले. हाताला टोपली फार हलकी लागली. पण साहेबांनी मनाला समजावलं की हातसुद्धा प्रमाणित नसतो.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. दुकानदारानं त्यांना थांबवलं. "आधी साहेबांच्या पोरीचं होऊ द्या." टोपली काट्यावर बसली, लाल आकडे फिरले, अडखळले, पुन्हा चढले. दुकानदाराच्या कपाळावर घाम आला होता, काहीतरी जड ओढत असल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. शेवटी आकडे थांबले.

"चार किलो तीनशे," तो धापा टाकत म्हणाला. "टोपली वजा करा, तीन दोनशे. साहेब, पोरगी गुटगुटीत झाली. दाखवा तरी आम्हाला."

साहेबांच्या मनावरचं ओझं उतरलं. तीन दिवसांत प्रथमच ते हसले आणि त्यांनी टॉवेल बाजूला केला.

टोपलीत मोज्यातली बाटली होती. दुसरं काही नव्हतं.

एका गिऱ्हाइकानं टोपलीत वाकून बघितलं, मग साहेबांकडे बघितलं आणि आपली पिशवी छातीशी धरली. काट्यावरचे आकडे मात्र हळूहळू उतरायला लागले होते, चार किलो, तीन, दोन, आणि एक किलो शंभरवर येऊन थांबले.

मापसाहेबांनी कंबर धरली नाही. ते सरळ गुडघ्यांवर बसले आणि काउंटरखाली डोकं घातलं. काट्याच्या ताटलीच्या पोटाशी एक नायलॉनची दोरी बांधलेली होती. ती काउंटरच्या भोकातून खाली आली होती आणि तिचं दुसरं टोक दुकानदाराच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं होतं. अंगठा लालभडक झाला होता.

"पहिल्या दिवशी सवयीनं ओढला, साहेब, शपथेवर सांगतो," दुकानदार वरून म्हणाला. "नंतर तुमच्यासाठी ओढला. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

काटा तपासताना तो जागेवरून उचलून रिकाम्या टेबलावर ठेवावा, असा नियम आहे. हा नियम मापसाहेब खात्यात नव्या येणाऱ्या प्रत्येक निरीक्षकाला पाठ करून घेत. या दुकानात मात्र यंदाच्या तपासणीला त्यांची कंबर धरली होती, दुकानदारानं खुर्ची दिली, चहा दिला, आणि काटा होता तिथंच राहिला. शिक्का मारला होता तो बसल्या बसल्या. काउंटरखाली गुडघ्यांवर बसून साहेबांना हे सगळं आठवलं आणि लगेच त्याहून भयंकर गोष्ट आठवली. पिचकारीवरच्या तीन दिवसांच्या रेघा.

ते उठले आणि पळत सुटले. त्यांना पळताना वस्तीनं कधीच पाहिलं नव्हतं.

पावशेर कपाटाखाली सापडली. टोपलीतून उतरून ती कशीबशी तिथवर सरपटत गेली होती. साहेबांनी जमिनीवर पालथं पडून तिला बाहेर काढलं. अंग गार लागत होतं. टोपली दुकानातच राहिली होती, टॉवेलही तिथंच. त्यांनी तिला मफलरमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि फाटकातून बाहेर पडले. सेक्रेटरी ओल्या केसांनी खुर्चीवर येऊन बसले होते.

"हे सरकारी साहित्य?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हे मांजर आहे," साहेब म्हणाले. "नोटीस द्या. आत्ता वेळ नाही."

डॉक्टरबाईंनी तिला त्याच बिनशिक्क्याच्या काट्यावर ठेवलं. दोन किलो पन्नास. साहेब त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून डायरी काढली, आलेखाचं पान उघडून बाईंसमोर ठेवलं आणि कुठल्या दिवशी किती औषध दिलं ते सगळं सांगितलं. दोरीचं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं. शेवटी शिक्क्याचंही सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना "काय?" असं विचारावं लागलं.

"तुमचा काटा बरोबर होता," साहेब म्हणाले. "मीच बरोबर नव्हतो."

डॉक्टरबाई रागावतील अशी त्यांची तयारी होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मुकाट्यानं सलाइनची पिशवी लटकवून पावशेरच्या मानेवरच्या कातड्याखाली पाणी भरायला लागल्या. "त्यात ती खात-पीत नव्हती, म्हणून ते औषध जास्तच बाधलं," त्या म्हणाल्या. "आता ते बंद. घरी न्या, ऊब द्या. हे पाणी मूत्रपिंडातून बाहेर पडलं पाहिजे. संध्याकाळी सहापर्यंत लघवी झाली तर आपण वाचलो. नाही झाली तर गावाच्या त्या टोकाला मोठा दवाखाना आहे तिथं न्यावं लागेल. तिथं आधी बरीच रक्कम भरावी लागते, हे सांगून ठेवते. आणि तिथं नेऊनही खात्री नाही."

घरी आल्यावर पावशेरला खोक्यात ठेवलं आणि साहेब खोक्याशेजारी जमिनीवर बसले ते उठलेच नाहीत. बारा वाजले. एक वाजला. ट्रेमधली वर्तमानपत्रं कोरडी होती. जेवायला चला असं बायको दोनदा म्हणाली, मग ताट तिथंच आणून ठेवलं. ताटही तसंच राहिलं.

दोनच्या सुमाराला साहेबांनी मुलीकडून ऑफिसची बॅग मागून घेतली, छापील पंचनाम्याचा कागद काढला आणि जमिनीवरच पाट ठेवून लिहायला बसले. काटा, दोरी, दोरीची लांबी, अंगठा उजव्या पायाचा. पेन चालत होतं ते एका ओळीपाशी थांबलं. पुष्कळ वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'सदर काट्याची पडताळणी खाली सही करणाऱ्याने काटा जागेवरून न उचलता केली व शिक्का मारला.' आणि खाली सही केली.

बायकोनं खांद्यावरून वाचलं. "बढतीचं काय?" तिनं हळूच विचारलं.

"ते आता राहू दे."

पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात. कंपाउंडर चौकशीला आले होते. मांजराला लघवी होण्यासाठी नळ सोडून ठेवावा, धारेचा आवाज ऐकून होते, हा उपाय त्यांनी सांगितला आणि नळ स्वतः सोडला. साहेबांनी कागद पुढं केला तेव्हा त्यांना एकदम चष्मा वर राहिल्याचं आठवलं. ते चष्मा आणायला गेले आणि परत आले नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी दार किलकिलं करून सांगितलं की दुकानदार जिना चढून सामान आणून देतो, मग उगाच कशाला. दुकानात ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्या तिघांतल्या एकाचाही पत्ता लागला नाही.

साडेचारला सेक्रेटरी आले. हातात नोटीस होती. ती त्यांनी दारातच मोठ्यानं वाचली, नियम क्रमांकासकट. मग त्यांची नजर खोक्यावर गेली, नळाकडे गेली, आणि जमिनीवरच्या कागदावर गेली. त्यांनी तो उचलून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"किलोमागं दोनशे ग्रॅम?"

"साधारण. आधी कमी असेल, पुढं हाव वाढली असेल."

"अकरा वर्षं," सेक्रेटरी म्हणाले, "अकरा वर्षं मी त्याच्याकडून साखर घेतोय. आणि डॉक्टर म्हणाले म्हणून कमी खातोय असं मला वाटत होतं." त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या साक्षीदाराच्या जागी पल्लेदार सही ठोकली, तारीख आणि वेळ घालून. काटा त्यांनी स्वतः जाऊन दोरीसकट बघून येतो म्हटलं, आणि खरोखरच बघून आले. मग नोटीस खोक्याशेजारी ठेवली, कारण नियम तो नियम, आणि तिथंच खुर्ची ओढून बसले.

पाच वाजले. नळाची धार चालू होती. त्या आवाजानं सेक्रेटरींना दोनदा उठून जावं लागलं, पावशेरला काहीच फरक पडला नाही. मुलगी भिंतीला टेकून नखं खात होती. सव्वापाचला बायको आतल्या खोलीत गेली, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि ती एक पाकीट घेऊन बाहेर आली. शिवणयंत्र घ्यायचं म्हणून दोन वर्षं ती त्यात पैसे टाकत होती. तिनं ते पाकीट पाटावर ठेवलं.

"रिक्षा बोलावून ठेवा," ती म्हणाली. "सहाला निघायचं तर आधी सांगायला हवं."

"तू म्हणाली होतीस, एकही नवीन वस्तू..."

"दवाखाना वस्तू आहे का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. आपण आजवर कधी घाबरलो नव्हतो, तेवढं दोन किलो पन्नासच्या या जिवासाठी घाबरलो आहोत, हे त्यांना स्पष्ट कळलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

सहाला दहा कमी असताना खोक्यात खुडबुड झाली.

पावशेर उठून उभी राहिली होती. तिचे पाय लटपटत होते. तिनं खोक्याच्या काठावर एक पंजा टाकला, मग दुसरा, आणि धपकन जमिनीवर उतरली. मुलगी पुढं झाली तसा साहेबांनी हात आडवा धरला. पावशेर ट्रेपाशी गेली. फाडलेली वर्तमानपत्रं तिनं हुंगली. तिला ती पसंत पडली नाहीत. ती वळली, सेक्रेटरींची नोटीस हुंगली, तीही ओलांडली, आणि साहेबांच्या गुडघ्यापाशी पसरलेल्या पंचनाम्यावर येऊन, शेपटी किंचित उचलून, बसली.

कोणी हललं नाही. सेक्रेटरींनी तर श्वासही रोखला होता. पावशेर बराच वेळ बसली, समोर कुठंतरी लांब बघत. कागदाच्या कडेपर्यंत ओल पसरली, शाई पांगली, आणि मग ती उठली, मागच्या पायानं पंचनाम्यावर माती ओढल्यासारखं दोनदा केलं आणि साहेबांच्या मांडीवर चढून आडवी झाली.

बायकोनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. मुलीनं फोन लावून साहेबांच्या कानाला धरला, कारण त्यांचे दोन्ही हात मांजरीवर होते.

"झाली," साहेब म्हणाले.

"छान," पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या. "किती झाली साधारण?"

"मोजली नाही, बाई," मापसाहेब म्हणाले.

रात्री तिनं पेज चाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी तिनं स्वतः ढकलत ढकलत स्वयंपाकघरात आणली. पंचनामा दोरीवर वाळत घातला होता. वाळल्यावर त्याला जो वास आला तो गेला नाही. साहेबांनी तो पाकिटात घातला, पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलं आणि ऑफिसात जाऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

मोठ्या साहेबांनी आधी खिडकी उघडली. मग कागद वाचला. ते समजूतदार गृहस्थ होते आणि बढतीची यादी त्यांच्याच ड्रॉवरमध्ये होती.

"दुकानदारावर कारवाई होईलच," ते म्हणाले. "पण हा कागद असा कसा घ्यायचा? ही शाई फुटलीय, डाग पडलाय. तुम्ही असं करा, नवा कागद घ्या, स्वच्छ लिहून आणा. आणि लिहिताना ही शेवटची ओळ, स्वतःबद्दलची, ती गाळली तरी चालेल. कोणी विचारणार नाही. शिवाय इथं साक्षीदार एकच दिसतो. दुसऱ्याची सही कुठं आहे?"

मापसाहेबांनी टेबलावर वाकून बोट ठेवलं. डाग नेमका त्याच ओळीवर होता.

"ही दुसऱ्या साक्षीदाराची सही," ते म्हणाले. "तिनं हे वाक्य असताना केलीय. आता ते मला गाळता येणार नाही."

मोठ्या साहेबांनी कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला, शक्य तितका लांब नेला, आणि त्याच्यावर आवक क्रमांक घातला.